'करण्यात आले' म्हणजे कुणी केलं? कर्तरी-कर्मणीचा रोजच्या लिखाणातला हिशोब

आमचं डीटीपी-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे कोल्हापुरात, अर्ज, नोटिसा, लग्नपत्रिका, पोरांचे प्रोजेक्ट, असलं सगळं टाइप करून देतो. दोन गणपतींमागं एका तालमीचा जमाखर्चाचा कागद आला, चौकात लावायचा होता. पोरांनी हातानं लिहिलं होतं, 'खजिनदारानं मंडपवाल्याला १२,५०० रुपये दिले.' मी सवयीनं ते 'सुधारलं' आणि टाइप केलं, 'मंडपाकरिता रु. १२,५०० अदा करण्यात आले.' एकदम सरकारी, झ्याक. कागद लागला आणि रात्री नऊला तालमीतनं फोन, लगेच या. मंडपवाला म्हणत होता मला अजून दोन हजार यायचेत, आणि कागदावर कुणी दिले हेच नाही, अदा करण्यात आले म्हणे. मूळ वाक्यात एक माणूस उभा होता, तो मी काढून टाकला होता, आणि आता चौघं जण एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले होते.

तेव्हापासनं मी लिखाण करताना आणि दुसऱ्याचं तपासताना जे करतो ते इथं क्रमानं सांगतो. व्याकरणाचा तास नाही हा, पण थोडं व्याकरण लागतंय, त्याला इलाज नाही.

सुरुवातीला शाळेतलं इंग्रजी बाजूला ठेवा

आपल्या डोक्यात घोळ होतो तो इथं. इंग्रजीच्या तासाला 'चेंज द व्हॉइस' करून करून आपल्याला वाटतं की ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी, जोड्या लावा, संपलं. तसं नाही. मराठीत कर्तरी-कर्मणी ठरतं ते क्रियापद कुणाचं ऐकतं त्यावर. 'काकू भाकरी करते' यात क्रियापद काकूचं ऐकतंय, काकूच्या जागी काका आले तर 'करतो' होईल. हे कर्तरी. आता तेच काल झालं म्हणा, 'काकूनं भाकरी केली.' काकूनं रस्सा केला, काकूनं भाकऱ्या केल्या, काकानं पण भाकरी केली. क्रियापद काकूला विचारतच नाही, भाकरीचं ऐकतंय. म्हणजे हे कर्मणी. आणि 'काकूनं पोराला हाणलं, पोरीला हाणलं, पोरांना हाणलं' यात ते कुणाचंच ऐकत नाही, हा भावे.

मग 'कर्मणी टाळा' असा सल्ला कुणी दिला तर मराठी माणसानं कालची गोष्ट सांगायचीच नाही का? 'काकूनं भाकरी केली' हे व्याकरणानं कर्मणी आहे पण काकू तिथं ठळक उभी आहे, काही लपलेलं नाही. तेव्हा आपल्याला प्रयोगाचं नाव ओळखायचं नाहीये. करणारा माणूस वाक्यात दिसतोय की गायब आहे, आणि गायब असेल तर तो मुद्दाम गायब केलाय की चुकून, एवढंच बघायचं.

(जाता जाता, आमच्या गडहिंग्लज-चंदगड पट्ट्यात लोक 'मी काम केलो', 'मी त्याला सांगितलो' असं बोलतात, पुण्याकडचे हसतात. पण बघा, शेजारी कानडी, आणि कानडीत कालचं काम सांगतानाही क्रियापद कर्त्याचंच ऐकतं, तीच हवा इकडं लागली. प्रमाण मराठीत पण 'मी किल्ली विसरलो', 'मी चहा प्यालो', 'मी पोहायला शिकलो' असं आहेच की, तिथं नाही कुणी हसत. फक्त अर्जात 'मी पैसे भरलो' लिहू नका, तिथं 'मी पैसे भरले'.)

मग शोध घ्या

लिहून झालं की कॉम्प्युटरवर असाल तर कंट्रोल-एफ दाबा आणि 'ण्यात' टाका. मग 'गेल' आणि 'जात' टाका. मग 'द्वारे' आणि 'कडून'. कागदावर असेल तर पेन्सिलीनं गोल करत जा. माणूस गायब करणारी मराठीतली बहुतेक वाक्यं या चार-पाच खुणांनी सापडतात. एका पानावर दहा गोल झाले तर समजा की पानावर माणसंच नाहीत.

प्रत्येक गोलापाशी थांबून मोठ्यानं विचारायचं, कुणी? तीन उत्तरं येऊ शकतात. माहिती आहे आणि वाचणाऱ्याला ते लागणार आहे, मग त्याला वाक्यात आणा, डोकं लावू नका. माहिती आहे पण वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही, मग राहू दे किंवा सोपं करा. आणि तिसरं, मला स्वतःलाच माहिती नाही. हे तिसरं सगळ्यात कामाचं, कारण ९० पानी प्रोजेक्टमध्ये 'असे मानले जाते' लिहिणाऱ्या पोराला मी विचारतो कोण मानतं रे, आणि तो छताकडं बघतो.

कुणी केलं हाच मुद्दा असेल तिथं तर गायब करणं म्हणजे चूकच. परवा एका पोरानं निबंधात लिहिलं होतं, '२६ जुलै १९०२ रोजी ५० टक्के आरक्षण देण्यात आले.' अरे करवीर संस्थानातला तो जाहीरनामा शाहू महाराजांनी काढला, संस्थानच्या नोकरीतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी त्यांनी राखल्या, त्या काळात एका राजानं हे केलं हीच तर बातमी आहे, आणि कोल्हापूरचा पोरगा त्यातनं महाराजांनाच काढून टाकतोय.

'गेलं' आणि 'करण्यात आलं' एक नाहीत

हे जरा नीट बघा, कारण इंग्रजीतनं भाषांतर करणारे इथं हमखास घसरतात. त्यांना इंग्रजी पॅसिव्ह दिसलं की ते 'केले गेले' टाकतात. पण बोलताना आपण 'गेलं' कधी वापरतो? 'गप्पांच्या नादात चार भाकऱ्या खाल्ल्या गेल्या.' 'रागाच्या भरात माझ्याकडनं नको ते बोललं गेलं.' म्हणजे करायचं नव्हतं, नकळत झालं. हा वास त्या 'गेलं'ला आहे. म्हणून 'समितीकडून निर्णय घेतला गेला' असं वाचलं की मला वाटतं समिती चहा पीत बसली होती आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत निर्णय घेतला गेला. 'समितीनं निर्णय घेतला.' बास.

'करण्यात आलं'चा वास उलटा. त्यात नकळत काही नाही, ठरवून केलंय, कुणीतरी अधिकारानं केलंय, फक्त तो खुर्चीमागं बसलाय. 'वाहतूक वळवण्यात आली आहे', 'पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल' अशा नोटिशीत ते शोभतं, कारण लोकांना पाणी कधी येणार ते हवंय, व्हॉल्व्ह कोण फिरवणार ते नको.

आणि तिसरी जागा आपण विसरतोच, साधं अकर्मक क्रियापद. फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, पडणं-पाडणं अशा जोड्या मराठीत ढिगानं आहेत. घरात कप फुटलाय असं धरा. 'मी कप फोडला' म्हणणारा एक तर रागात आहे किंवा फार प्रामाणिक. 'माझ्या हातनं कप फुटला' म्हणजे चूक माझी पण हेतू नव्हता. आणि पोरगं दारात उभं राहून म्हणतं, 'आई, कप फुटला.' जणू कप आपला आपणच फुटला. यात इंग्रजी धर्तीचं पॅसिव्ह कुठंच नाही, तरी जबाबदारी एकेक पायरीनं उतरत गेली. 'कप फोडला गेला' असं कुठल्याही घरातलं पोरगं म्हणत नाही. माफीचं पत्र लिहिताना मधली पायरी लक्षात ठेवा, 'माझ्याकडून उशीर झाला' यात माणूस पण आहे आणि नम्रपणा पण.

हा फरक नुसता भाषेचा नाही हे पावसाळ्यात कळतं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. म्हणजे 'राधानगरीचा तीन नंबरचा दरवाजा उघडला' हेच बरोबर, तिथं बटण दाबायला कुणी बसलेला नाही. व्हॉट्सॲपवर लगेच येतं, 'राधानगरीचे दरवाजे उघडण्यात आले', आणि खाली भांडण सुरू, कुणी उघडले, आत्ताच का उघडले. उलट कोयनेचे वक्र दरवाजे माणसं ठरवून उचलतात, तिथं 'कोयनेतून विसर्ग वाढला' असं लिहिलं तर नदीनं स्वतः ठरवल्यासारखं होतं, तिथं 'वाढवला' किंवा 'वाढवण्यात आला' पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी सोडून ४३ च्या धोका पातळीकडं निघालेली असते तेव्हा लोक एकेक शब्द वाचतात, तेव्हा उघडला का उघडण्यात आला हे बघून टाका.

माणूस नको असेल तेव्हा काय लिहायचं

कायम माणूस पुढं आणा असं मी म्हणत नाही. गल्लीतल्या पोरीनं तक्रार केली आणि तिचं नाव बाहेर येऊ द्यायचं नाही तर 'तक्रार आली आहे' हेच बरोबर. गाडी कुणी नेली माहिती नाही तर 'चोरीला गेली', आपल्याकडं तयार शब्द आहे, 'चोरली गेली' नको. (पोलिसांच्या कागदात मात्र 'अज्ञात इसमाने चोरून नेली' असतं, चोर माहिती नसला तरी त्याला कर्ता करून ठेवतात. त्यातलं शहाणपण मला आवडतं, आपोआप काही जात नाही, कुणीतरी नेलंय.)

पण माणूस काढायचा म्हणजे लगेच 'जातं' आणि 'येतं' चिकटवायला लागत नाही. मराठीकडं याहून चांगल्या वाटा आहेत, आणि आपण त्या बोलताना रोज वापरतो, लिहायला बसलो की विसरतो.

एक म्हणजे नुसतं अनेकवचन. 'कोल्हापुरात मिसळ स्लाइस ब्रेडबरोबर खातात.' कोण खातात? लोक खातात. 'खाल्ली जाते' म्हटलं की मिसळ म्युझियममध्ये ठेवल्यासारखी वाटते. 'गूळ असा करतात', 'इथं गाडी लावत नाहीत', सगळं बसतं.

दुसरी वाट, 'मिळणं, लागणं, होणं, ठरणं' ही क्रियापदं. 'कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन देण्यात आले' याच्या जागी 'मिळालं' लिहा, अर्थात काही कमी होत नाही. 'बैठक घेण्यात आली'पेक्षा 'बैठक झाली'. 'दंड आकारण्यात येईल'पेक्षा 'दंड लागेल', पण पावतीवर मात्र 'आकारण्यात येईल' राहू द्या, तिथं जरा धाक लागतो.

तिसरी, कर्ता नुसता गाळणं. इंग्रजीला कर्ता नसला की चालत नाही, म्हणून शास्त्राच्या लिखाणात त्यांनी पॅसिव्ह धरलं. आपल्याला ती अडचण नाही. 'पंचगंगेच्या पाण्याचे सहा ठिकाणचे नमुने घेतले, गाळले आणि दोन तासांच्या आत तपासले.' कर्ता कुठंय? नाही, आणि कुणाला शंकाही येत नाही. प्रबंधवाली पोरं 'नमुने संकलित करण्यात आले व तद्नंतर त्यांचे परीक्षण करण्यात आले' लिहून पानं वाढवतात. आणि इंग्रजीतनं प्रबंध लिहिणाऱ्यांनो, तिथं 'आम्ही' चालत नाही ही समजूत पण सोडा, वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा शोधनिबंध 'आम्ही'नंच सुरू होतो. गाईड सरांचं मत वेगळं असेल तर मात्र सरांचं ऐका, सही त्यांची लागते.

चौथी, विध्यर्थ. 'कांदा तांबूस होईपर्यंत परतावा, मग मसाला घालावा.' हे जुनं पाककृतीचं मराठी, कर्ता नाही आणि तरी जिवंत. बोलल्यासारखं पाहिजे तर 'परतायचा, घालायचा', हुकूम पाहिजे तर 'परता, घाला'. यातलं एक धरा आणि शेवटपर्यंत धरा. सुरुवातीला 'परता', मधे 'घालावा' आणि शेवटी 'सर्व्ह केले जाते' असं झालं की कळतं तीन ठिकाणचं कॉपी-पेस्ट आहे.

आणि लग्नपत्रिकेतलं 'करण्याचे योजिले आहे' तसंच ठेवा. कुणी योजिले असं विचारायला गेलात तर आमच्याकडं निम्म्या पत्रिका मांडवात पोचायच्या नाहीत.

शब्दांची जागा हलवून बघा

इंग्रजीत पॅसिव्हचा एक खरा उपयोग असतो, ज्या गोष्टीबद्दल बोलणं चाललंय ती वाक्याच्या सुरुवातीला आणता येते. मराठीत त्यासाठी प्रयोग बदलायलाच लागत नाही, नुसता शब्द पुढं ओढायचा. चपलेवर परिच्छेद चाललाय असं समजा. 'कोल्हापुरी चप्पल कातड्याची असते. ती कारागिरांकडून हाताने शिवली जाते.' दुसरं वाक्य बदला, 'ती कारागीर हातानं शिवतात.' चप्पल सुरुवातीलाच राहिली, कारागीर पण आला, एक शब्द वाचला. 'हा रस्ता ठेकेदारानं मागच्या मे महिन्यात केला.' 'ही झाडं शाळेतल्या पोरांनी लावली.' बोलताना आपण असंच बोलतो, लिहिताना कुणास ठाऊक का 'विद्यार्थ्यांद्वारे वृक्षारोपण करण्यात आले' होतं.

'द्वारे'वरनं आठवलं. माणसामागं 'द्वारे' लावू नका, माणूस नळ नाही. 'ऑनलाइन अर्जाद्वारे', 'लॉटरीद्वारे' ठीक. माणसाला 'नं', नाइलाज झाला तर 'कडून'. संस्थेच्या नावानं कार्यक्रम असेल तर 'तर्फे', मधला माणूस असेल तर 'मार्फत', आणि फीत कापणाऱ्या पाहुण्यांचे फक्त 'हस्ते'.

'वाटप करण्यात आले' हा डबल रोग आहे. आधी 'वाटणं'चं 'वाटप' केलं, मग त्याला उभं करायला 'करण्यात आले' जोडलं. 'मंडळानं दोनशे वह्या वाटल्या.' संपलं. तपासणी करण्यात आली म्हणजे तपासलं, पाहणी करण्यात आली म्हणजे पाहिलं.

शेवटी क्रियापदाचा मेळ तपासा, हे पटकन सांगतो. 'पुस्तके वाटण्यात आली' बरोबर, पुस्तकांना प्रत्यय नाही म्हणून क्रियापद त्यांचं ऐकतं. 'सभासदांना कळविण्यात येते' बरोबर, 'येतात' चूक, कारण सभासदांना 'ना' लागला की क्रियापद एकटं पडतं. 'आरोपीला अटक करण्यात आली' यात 'आली' आरोपीमुळं नाही, अटकेमुळं. रोज दोन तरी नोटिसा या चुकीच्या येतात.

एक अर्ज पूर्ण बघू

परवा एक काका कागद घेऊन आले, कुणाकडनं तरी लिहून आणलेला:

'सविनय सादर करण्यात येते की, रस्त्याच्या कामासाठी खोदाई करण्यात आली असून सदर खोदाईदरम्यान पाण्याची लाईन तोडण्यात आली आहे. याबाबत वेळोवेळी कळविण्यात आले, परंतु दखल घेण्यात आलेली नाही. तरी दुरुस्ती करण्यात यावी.'

सहा गोल. मी एकेक विचारत गेलो. सादर कोण करतंय? 'मीच की.' खोदलं कुणी? 'ठेकेदाराची माणसं, १२ तारखेला.' कळवलं कुणी, कधी? 'मी गेलतो, १३ ला आणि १७ ला.' कुणाला सांगितलं? 'खिडकीवर.' लाईन तोडली कुणी? 'त्यांनीच की!' तुम्ही तोडताना बघितलं का? काका थांबले. 'न्हाई, कामावर होतो. संध्याकाळी आलो तर पाणी व्हात हुतं.'

मग असं लिहिलं:

'१२ तारखेला ठेकेदाराच्या माणसांनी आमच्या गल्लीतला रस्ता खोदला. त्याच दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा माझ्या घराची पाण्याची लाईन तुटलेली होती. मी १३ आणि १७ तारखेला कार्यालयात येऊन खिडकीवर सांगितले. अजून लाईन जोडलेली नाही. तरी पाणीपुरवठा विभागाने ती जोडून द्यावी, ही विनंती.'

खोदला हे माणसांनी, कारण ते सगळ्या गल्लीनं बघितलंय. लाईन मात्र 'तुटलेली होती', कारण काकांनी फक्त तेवढंच बघितलंय, 'तोडली' लिहिलं असतं तर उद्या कुणी विचारल्यावर अडकले असते. 'जोडलेली नाही' असंच ठेवलं, कुणाचं नाव न घेता, पण विनंतीत विभागाला पुढं आणलं, म्हणजे कागद कुठल्या टेबलावर जायचा ते स्पष्ट.

काकांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, 'यात मी लई वेळा आलोय, सायेब लोकास्नी चालंल न्हवं?' मी म्हटलं, अर्ज तुमचा, घर तुमचं, पाणी तुमचं. त्यांनी सही केली, दोन झेरॉक्स मारून घेतल्या आणि म्हणाले, एकीवर पोच घेतो.